कर्ता कोण, हे क्रियापद सांगतं

जर्मनच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक तक्ता लिहिला जातो. डावीकडे सर्वनामं : इश, डू, एअर, झी, एस, वीअर, ईअर, झी आणि पुन्हा एकदा झी. उजवीकडे 'शिकणे' या साध्या क्रियापदाची रूपं : लेर्ने, लेर्न्स्ट, लेर्न्ट, लेर्नेन. विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात, घरी पाठ करतात, परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतात, आणि समोर जर्मन माणूस आला की गप्प होतात. तक्ता येतो, वाक्य येत नाही. हे सबंध पुस्तक त्या एका तक्त्याबद्दल आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी पुस्तक कशाला, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर या प्रस्तावनेत द्यायचा प्रयत्न करतो.

जर्मन वाक्यात क्रियापदाला कर्त्याप्रमाणे प्रत्यय लागतो. 'झी कोम्ट' म्हणजे ती येते. 'झी कोमेन' म्हणजे ते येतात. किंवा तुम्ही येता. सर्वनाम तेच राहिलं, अर्थ मात्र क्रियापदाच्या शेवटाने ठरवला. मार्क ट्वेनने १८८० साली जर्मन भाषेवर जो प्रसिद्ध वैतागलेख लिहिला, त्यात या 'झी'च्या सहा अर्थांवर यथेच्छ तोंडसुख घेतलं आहे. विनोद म्हणून तो आजही वाचावा. पण ट्वेन इंग्रजीतून जर्मनकडे आला होता, हे विसरू नये. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद केव्हाच मावळला, नामांचं व्याकरणातलं लिंग गेलं, वर्तमानकाळात क्रियापदाला लागणारे प्रत्यय गळून एक 'एस' तेवढा उरला. त्या घरातून आलेल्या माणसाला जर्मन तक्ता म्हणजे छळ वाटणारच.

आपलं तसं नाही. मराठी मुलाला तू आणि तुम्ही यांतला फरक बोलायला लागल्यापासून कळतो. तो, ती, ते ही तीन लिंगं त्याला कुणी शिकवावी लागत नाहीत. करतो, करतोस, करता, करतात हे बदल तो झोपेतही चुकत नाही. आणि तरीही पुण्या-मुंबईत, नागपुरात, नाशकात जर्मन शिकवलं जातं ते बहुतेक इंग्रजीतून. म्हणजे ज्या गोष्टी आपल्या भाषेत आहेत आणि जर्मनमध्येही आहेत, त्या आपण ज्या भाषेत नाहीत तिच्या वाटेने शिकतो. हा उलटा प्रवास थांबवावा, निदान पहिल्या टप्प्यापुरता तरी थांबवावा, एवढीच या पुस्तकाची भूमिका आहे.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल इथेच सांगून टाकतो. या प्रस्तावनेत जर्मन शब्द देवनागरीत दिले आहेत, कारण ज्याने जर्मनचा एक शब्दही पाहिलेला नाही त्यालाही ती वाचता यावी. पुढच्या पानांत रोमन लिपी आहे आणि ती चुकवता येणार नाही. 'झी'मधला झ 'झाड'मधल्या झ सारखा, पण हकाराशिवाय. 'इश'मधला श हा खरं तर आपल्या श आणि ह यांच्या मधला, जीभ टाळूजवळ नेऊन नुसता श्वास सोडलेला आवाज आहे. तो कागदावरून शिकता येत नाही, ऐकावाच लागतो.

आता तक्त्याकडे. मराठी माणसाला इथे काय फुकट मिळतं आणि कुठे त्याची मराठीच त्याला फसवते, याचा हिशेब मांडला पाहिजे. फुकट मिळणाऱ्या गोष्टी वर आल्याच. 'डू लेर्न्स्ट'मधला स्ट आणि 'तू शिकतोस'मधला स यांचं नातं शोधत बसू नका, पण लक्षात ठेवायला तो उपयोगी पडतो. शिवाय जर्मनमध्ये चालू वर्तमानकाळाचं वेगळं रूप नाही. 'इश लेर्ने' म्हणजे मी शिकतो आणि मी शिकतो आहे, दोन्ही. आणि मराठी क्रियापद बाई-पुरुष असा भेद करतं, जर्मन करत नाही. मी शिकतो आणि मी शिकते या दोन्हींना तिथे एकच 'इश लेर्ने'. 'पोरगं' हा शब्द नपुंसकलिंगी असूनही आपल्याला खटकत नाही, त्यामुळे जर्मनमध्ये 'मेटशेन', म्हणजे मुलगी, हा शब्द नपुंसकलिंगी आहे हे ऐकून मराठी विद्यार्थ्याला धक्का बसायचं कारण नाही. इंग्रजी पाठ्यपुस्तकं मात्र त्यावर अर्धं पान खर्च करतात.

फसवणूक सुरू होते ती कर्ता गाळण्यापासून. 'उद्या येतो' एवढं म्हटलं की मराठीत वाक्य झालं; कोण येतो ते रूपातून आणि प्रसंगातून कळतं. प्रमाण जर्मनमध्ये हे चालत नाही. क्रियापदाने कर्ता सांगितला तरी सर्वनाम उच्चारावंच लागतं. इतकं की जिथे कर्ताच नाही तिथेही एक उभा करावा लागतो : पाऊस पडतो हे जर्मन माणूस 'एस रेग्नेट' असं सांगतो, आणि त्या 'एस'ला काही अर्थ नसतो. बव्हेरियात बोलताना 'डू' सर्रास गिळतात, हे खरं. पण शिकणाऱ्याने ती सवलत लगेच घेऊ नये.

दुसरी फसवणूक आदराची. साहेब आले, आजोबा झोपलेत, बाई उद्या येणार नाहीत : एका माणसासाठी आपण अनेकवचन वापरतो, आणि न वापरलं तर उद्धटपणा ठरतो. जर्मनमध्ये जो समोर नाही त्याच्याबद्दल बोलताना आदरार्थी रूप नाही. वडील असोत, मंत्री असोत, एकटा पुरुष म्हणजे 'एअर' आणि क्रियापद एकवचनी. मराठी विद्यार्थी 'माझे वडील येतात' याचं जर्मन करताना हमखास 'कोमेन' लिहितो आणि शिक्षक लाल रेघ मारतात. ती चूक अज्ञानाची नसते, संस्काराची असते, आणि म्हणून ती फार काळ टिकते.

'आम्ही' आणि 'आपण' हा आपला बारकावा जर्मनला नाही, दोन्हीकडे 'वीअर'. समोरच्याला धरून की सोडून, हे प्रसंगावरून ओळखायचं. उलट जिथे आपण 'असं करत नाहीत' म्हणून कर्ता मोघम ठेवतो, तिथे जर्मनमध्ये 'मान' हे वेगळं सर्वनाम आहे : 'मान माख्ट डास निश्ट'. आईने मुलाला सांगावं तसं हे वाक्य जर्मन घरांतही ऐकू येतं.

पण खरी गंमत 'मला' या शब्दापाशी आहे. मला पुस्तक आवडतं, मला थंडी वाजते, मला भूक लागली, मला पोहता येतं, मला माहीत आहे, मला चहा हवा. मराठीत ज्याला अनुभव येतो तो माणूस कर्ता होत नाही, चतुर्थीत जाऊन बसतो. इंग्रजीतून शिकवलं की यातलं प्रत्येक वाक्य आधी 'मी'ने सुरू होणारं करावं लागतं. जर्मन मधोमध उभी आहे. आवडणं आणि थंडी वाजणं तिथेही आपल्यासारखंच : 'डास बूख गेफेल्ट मीअर', 'मीअर इस्ट काल्ट', पुस्तक मला आवडतं, मला थंडी वाजते. या 'मीअर'चा अर्थ 'मला', आणि क्रियापद पुस्तकाप्रमाणे चालतं. पण भूक, येणं, माहीत असणं आणि हवं असणं यांत मात्र 'इश' हा सरळ कर्ता लागतो. म्हणजे अर्धी वाक्यं मराठीच्या वाटेने, अर्धी इंग्रजीच्या. कोणतं वाक्य कोणत्या गटातलं, हे एकदा समोरासमोर मांडून पाहिलं की वर्षभराचा गोंधळ बराच कमी होतो. अशी मांडणी मला शिकताना कुणी दिली नव्हती. या पुस्तकात ती सविस्तर आहे.

आणि एक गोष्ट इंग्रजीच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. 'हाबेन', म्हणजे जवळ असणं, हे क्रियापद मराठीला नाही. माझ्याकडे गाडी आहे, मला दोन भाऊ आहेत, त्याला ताप आहे : आपण सगळीकडे 'असणे'वर भागवतो. इथे इंग्रजी येणाऱ्याला वाट सोपी आहे, आणि ती वापरायला लाज वाटायचं कारण नाही. भूतकाळातही असंच : 'मी पोळी खाल्ली' यात खाल्ली हे रूप पोळीवरून ठरतं, माझ्यावरून नाही. जर्मन क्रियापद कुठल्याही काळात कर्त्याचा हात सोडत नाही.

या तक्त्याला मोठा इतिहास आहे. जर्मनचं व्याकरण लिहायला सुरुवात झाली ती सोळाव्या शतकात, लुथरच्या बायबलनंतर. लुथरने १५२२ मध्ये नवा करार आणि १५३४ मध्ये संपूर्ण बायबल जर्मनमध्ये आणलं, आणि गावोगावच्या बोलींना एक समाईक लेखी भाषा दिसू लागली. १५७३ ते १५७८ या काळात अल्बेर्टुस, योलिंगर आणि क्लायुस यांची तीन व्याकरणं निघाली. तिन्ही लॅटिनमध्ये लिहिलेली. जर्मन भाषेचे नियम जर्मनमध्ये सांगता येतील यावर विद्वानांचा अजून विश्वास नव्हता. मी-तू-तो हा क्रम आणि रूपांच्या उभ्या रांगा त्याच लॅटिन साच्यातून आल्या. पुढे शोटेलने १६६३ मध्ये, गॉटशेडने १७४८ मध्ये आणि आडेलुंगने १७८० च्या दशकात प्रमाण जर्मन घोटून पक्की केली. या तिघांवर इथे थांबत नाही. त्यांना भाषा कशी असावी हे ठरवायचं होतं, ती तशी का आहे हा प्रश्न त्यांचा नव्हता.

तो प्रश्न विचारला फ्रान्झ बॉपने, आणि त्याचं उत्तर आपल्याकडून गेलं. १८१६ साली, पंचविशीच्या आसपास असताना, त्याने संस्कृत क्रियापदांच्या रूपांची ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांशी तुलना करणारं पुस्तक फ्रांकफुर्टला छापलं. शब्द एका भाषेतून दुसरीत सहज जातात. मराठीत फारसी आणि पोर्तुगीज शब्द किती आहेत ते आपण जाणतोच. क्रियापदाचे पुरुषवाचक प्रत्यय मात्र सहसा कुणी उसने घेत नाही. म्हणून बॉपने शब्दसंग्रह बाजूला ठेवला आणि रूपांचे तक्ते शेजारी-शेजारी ठेवले. तौलनिक भाषाशास्त्र नावाचं शास्त्र उभं राहिलं ते तिथून, म्हणजे विद्यार्थ्याला कंटाळा आणणाऱ्या त्याच तक्त्यावरून. बॉप पुढे बर्लिनला प्राध्यापक झाला.

शाळेत संस्कृत केलेल्या वाचकाने 'झाइन', म्हणजे 'असणे', या क्रियापदाची रूपं एकदा मोठ्याने म्हणून पाहावीत : इश बिन, डू बिस्ट, एअर इस्ट, वीअर झिंट, ईअर झाइट, झी झिंट. 'इस्ट' हा अस्ति, 'झिंट' हा सन्ति. 'बिन' आणि 'बिस्ट' यांतला ब मात्र भू धातूच्या कुळातला. दोन वेगळ्या धातूंची रूपं एका तक्त्यात येऊन बसली आहेत, म्हणून तो इतका वेडावाकडा दिसतो. 'डू' आणि आपला 'तू' हेही एकाच मूळ सर्वनामाचे वंशज आहेत. हे वाचून जर्मन बोलता येणार नाही, पण अनियमित म्हणून पाठ केलेली गोष्ट विसरते आणि कारण कळलेली राहते, असा माझा अनुभव आहे. संस्कृतवाल्यांसाठी एक सूचना : संस्कृत व्याकरणात 'तो' हा प्रथम पुरुष आणि 'मी' हा उत्तम पुरुष. मराठी व्याकरणात आणि या पुस्तकात प्रथम पुरुष म्हणजे 'मी'.

बॉपनंतर तीनच वर्षांनी, १८१९ मध्ये, याकोब ग्रिमच्या जर्मन व्याकरणाचा पहिला खंड आला. परीकथांमुळे जगाला ठाऊक असलेला हाच तो ग्रिम. जर्मन क्रियापदांचे 'सबळ' आणि 'दुर्बळ' असे जे दोन वर्ग आजही शिकवले जातात, ती नावं त्याची. 'फारेन', म्हणजे वाहनाने जाणे, याचं 'इश फारे' होतं पण 'डू फेअर्स्ट', 'एअर फेअर्ट' होतं. हा स्वर फक्त तू आणि तो यांच्यापाशीच का बदलतो? हजार-बाराशे वर्षांपूर्वी या दोन रूपांच्या प्रत्ययात 'इ' होता, आणि त्या 'इ'ने आधीच्या 'आ'ला आपल्याकडे ओढलं. पुढे तो 'इ' गळाला, ओढलेला स्वर तसाच राहिला. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. ते न सांगता वर्गात एकेका क्रियापदाची रूपं घोकून घेतली जातात.

विसाव्या शतकात दृष्टी बदलली. भाषेच्या इतिहासापेक्षा आजचं वाक्य कसं चालतं, याकडे लक्ष गेलं. एरिश ड्राखने १९३७ मध्ये जर्मन वाक्याची मांडणी जागांच्या रूपात दाखवली : साध्या वाक्यात क्रियापदाची जागा दुसरी, आणि तिथून ते हलत नाही. 'इश लेर्ने हॉयटे डॉइच' किंवा 'हॉयटे लेर्ने इश डॉइच'. आज हा शब्द पुढे आला तर कर्ता मागे सरकतो, क्रियापद नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ल्युसियँ तेनिएरच्या १९५९ सालच्या ग्रंथाने क्रियापदालाच वाक्याचा मध्य मानलं, आणि कर्ता हा त्याच्या सोबत्यांपैकी एक ठरला. या विचाराचं जर्मन शिकवण्याच्या दृष्टीने सोनं केलं ते पूर्व जर्मनीतल्या लाइप्त्सिगमध्ये, परदेशी विद्यार्थ्यांना जर्मन शिकवणाऱ्या हेर्डर संस्थेत. गेरहार्ड हेल्बिग आणि सहकाऱ्यांचा क्रियापदांचा कोश १९६९ मध्ये आला. कोणत्या क्रियापदाला किती आणि कोणत्या विभक्तीतले सोबती लागतात हे त्यात आहे. वर 'मला'बद्दल जे लिहिलं ते या शाखेच्या ऋणात लिहिलं आहे. चॉम्स्कीच्या वाटेने गेलेल्या अभ्यासकांनी तर असं मांडलं की जर्मन क्रियापदाचं मूळ ठिकाण वाक्याच्या शेवटीच आहे, दुसऱ्या जागेवर ते उचलून आणलेलं असतं. गौण वाक्य पाहा : 'वाइल इश डॉइच लेर्ने', कारण मी जर्मन शिकतो. शब्दाला शब्द, मराठीचाच क्रम. जर्मन क्रियापद शेवटी फेकतात म्हणून जगभर जी थट्टा चालते, ती ऐकून मराठी माणसाने गालातल्या गालात हसावं.

शिकवण्याच्या पद्धतींचा इतिहास मात्र थोडक्यात आटोपता येतो, कारण तो आधी एका टोकाला आणि मग दुसऱ्या टोकाला गेलेला आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात व्याकरण आणि भाषांतर यांचं राज्य होतं : नियम पाठ करा, वाक्यं उलथवा. १८८२ मध्ये विल्हेल्म फीटोरने टोपणनावाने एक पुस्तिका काढून भाषाशिक्षणाने तोंड फिरवावं असं बजावलं. आधी कान, मग तोंड, मग नियम. बर्लिट्झच्या शाळांनी शिकणाऱ्याची मातृभाषाच वर्गाबाहेर काढली. म्युनिकच्या ग्योएटे संस्थेची स्थापना १९५१ ची. त्या परंपरेतलं शुल्त्स आणि ग्रीसबाख यांचं १९५५ चं पाठ्यपुस्तक जगभर पिढ्यान् पिढ्या वापरलं गेलं, आणि त्याची शिस्त पक्की व्याकरणाची होती. पुढे संवादावर भर आला. २००१ मध्ये युरोप परिषदेने ए १ ते सी २ अशा सहा पायऱ्या आखल्या, आणि आज कुणाचं जर्मन किती हे त्या दोन अक्षरांत सांगतात. आजच्या पुस्तकांत चित्रं उत्तम, ध्वनिफिती उत्तम. पण ती सगळ्या जगासाठी एकच लिहिलेली असतात. जपानी, तुर्की आणि मराठी विद्यार्थ्याला एकच पुस्तक पुरतं, हे गृहीतक मला मान्य नाही. मातृभाषा वर्गाबाहेर ठेवली तरी ती डोक्याबाहेर राहत नाही.

'डू' आणि 'झी' यांच्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे व्याकरणाची चूक माणसाला लागते. नवव्या शतकात मोठ्या माणसाला अनेकवचनी 'ईअर' म्हणायची रीत जर्मनमध्ये दिसू लागते, आपल्या 'तुम्ही'सारखी. सतराव्या शतकात त्याहून दूरचा आदर म्हणून समोरच्याशी तृतीय पुरुषात बोलणं सुरू झालं : एअर किंवा झी, जणू तो माणूस समोर नाहीच. आणि मग त्याचंही अनेकवचन आलं, तेच आजचं आदरार्थी 'झी'. म्हणूनच त्याचं क्रियापद 'ते'चं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीला डू, ईअर, एअर आणि झी या चारही पायऱ्या एकाच वेळी वापरात होत्या, आणि 'एअर' घसरत घसरत नोकराचाकरांना उद्देशून वापरायचा शब्द झाला होता. ग्योओर्ग ब्युशनरच्या 'वॉयत्सेक' नाटकात कप्तान आपल्या गरीब शिपायाला 'एअर' म्हणतो. त्या एका सर्वनामात दोघांमधलं अंतर सगळं आहे.

आज दोनच उरले. घरात, मित्रांत, मुलांशी, देवाशी आणि जनावरांशी 'डू'; अनोळखी प्रौढाशी, कचेरीत, डॉक्टरकडे 'झी'. पण आपल्या तू-तुम्हीची फूटपट्टी तिथे जशीच्या तशी लावू नये. आपण आजोबांना तुम्ही म्हणतो. जर्मन नातू आजोबांना 'डू'च म्हणतो. तिथे 'झी' वयाचा मान मोजत नाही, परिचयाचं अंतर मोजतो. शाळेच्या वरच्या वर्गांत शिक्षक विद्यार्थ्यांना 'झी' म्हणू लागतात, ही गोष्ट आपल्याकडच्या शिक्षकांना विचित्र वाटेल. १९६८ च्या विद्यार्थी चळवळीनंतर विद्यापीठांत 'डू' पसरला, आणि आता अनेक कंपन्यांत वरपासून खालपर्यंत तोच चालतो. 'झी'वरून 'डू'वर यायचं आमंत्रण थोरल्याने किंवा वरच्या हुद्द्यावरच्याने द्यायचं असतं. धाकट्याने परस्पर सुरुवात करायची नसते. लिहिताना आदरार्थी 'झी'चं पहिलं अक्षर मोठं असतं. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नसल्यामुळे आपले विद्यार्थी हे हमखास विसरतात, आणि मग अर्जातल्या वाक्याचा अर्थ 'तुम्ही'ऐवजी 'ते लोक' असा होतो.

महाराष्ट्राचा जर्मनशी संबंध जुना आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी व्याकरणाचा आहे. १८६६ मध्ये फ्रान्झ कीलहॉर्न पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८८० ते १८८५ या काळात मुंबईत निघाली. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना ग्योटिंगन विद्यापीठाने १८८५ मध्ये सन्मान्य पदवी दिली. पुढे इरावती कर्वे बर्लिनला, रा. ना. दांडेकर हायडेलबर्गला जाऊन डॉक्टरेट घेऊन आले. त्या पिढीला जर्मन लागत होतं ते संशोधनासाठी, ग्रंथ वाचण्यासाठी. 'डू' म्हणावं की 'झी' हा प्रश्न त्यांना तिथे गेल्यावर पडत असे.

आजचा विद्यार्थी वेगळा आहे. त्याला वाचायच्या आधी बोलायचं आहे. चाकणच्या जर्मन कारखान्यातला तंत्रज्ञ, रुग्णसेवेसाठी जाऊ पाहणारी परिचारिका, पदव्युत्तर शिक्षणासाठी निघालेला अभियंता, नवऱ्याकडे जाण्यासाठी ए १ परीक्षेची तयारी करणारी मुलगी. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत आता भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे. कुशल कामगारांसाठीचा तिथला कायदा मार्च २०२० मध्ये लागू झाला, जून २०२४ पासून नोकरी शोधण्यासाठी 'संधी-पत्र' मिळू लागलं, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट आणि मुंबई या १९६८ पासूनच्या भगिनी-नगरी. या सगळ्यामुळे जर्मनचे वर्ग तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले आहेत. तिथे येणारी मुलं इंग्रजीत बरोबरीने शिकलेली असतातच असं नाही. आयटीआय झालेल्या मुलाला आधी इंग्रजी व्याकरण आणि मग जर्मन अशी दुहेरी चढण चढायला लावणं अन्यायाचं आहे. या पुस्तकाची निकड मला सर्वांत जास्त त्याच्यासाठी वाटते. अकरावीला 'संस्कृतपेक्षा गुण मिळतात' म्हणून जर्मन घेणाऱ्यांनाही याचा उपयोग होईल, पण पुस्तक त्यांच्या प्रश्नपत्रिकेसाठी लिहिलेलं नाही.

पुस्तकाची व्याप्ती मुद्दाम आखडती ठेवली आहे. कर्त्याच्या जागी येणारी सर्वनामं, वर्तमानकाळ, झाइन, हाबेन आणि वेअर्डेन ही तीन आधार-क्रियापदं, शकणे-पाहिजे-परवानगी सांगणारी सहायक क्रियापदं, आणि स्वर बदलणाऱ्या क्रियापदांपैकी रोजच्या वापरातली तेवढी. द्वितीया आणि चतुर्थी फक्त गरजेपुरती डोकावते. भूतकाळ नाही. तो घेतला असता तर हेच पुस्तक पुन्हा घाईचं झालं असतं.

क्रमही नेहमीचा नाही. फळ्यावरचा तक्ता 'इश'पासून सुरू होतो. इथे सुरुवात आदरार्थी 'झी'पासून आहे. त्याची कारणं दोन. नवख्या माणसाला जर्मनीत पहिल्यांदा जे भेटतात, म्हणजे विमानतळावरचा अधिकारी, घरमालक, दुकानदार, त्यांच्याशी तो 'झी'नेच बोलणार आहे. आणि 'झी'चं रूप म्हणजे क्रियापदाचं शब्दकोशातलं मूळ रूपच : स्वर बदलत नाही, नवा प्रत्यय नाही, अपवाद फक्त 'झाइन'चा. त्यामुळे कोशातलं कुठलंही क्रियापद घेऊन पहिल्याच दिवशी बरोबर वाक्य आणि बरोबर प्रश्न करता येतो. त्यानंतर 'इश', आणि मग दोघांचा संवाद. 'डू' बराच उशिरा येतो. काही शिक्षकांना हे पटणार नाही, कारण वर्गातलं वातावरण मोकळं ठेवायला ते 'डू'ने सुरू करतात. त्यांनी प्रकरणांचा क्रम बदलून शिकवायला हरकत नाही. तशी सोय ठेवली आहे.

मराठीतून समजावून सांगणं म्हणजे मराठीतून भाषांतर करत राहणं नव्हे. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मराठीची तुलना आहे, आणि ती झाली की सराव संपूर्ण जर्मनमध्ये आहे. तुलना एकदा वाचून सोडून द्यावी. बोलताना डोक्यात आधी मराठी वाक्य तयार करून मग प्रत्यय शोधणाऱ्याला समोरचा माणूस थांबत नाही.

वाचकाला शेवटी एवढंच सांगायचं : रूपांचे तक्ते प्रत्येक भागाच्या अखेरीस आहेत, आरंभी नाहीत. आधी वाक्यं मोठ्याने म्हणा, तक्ता स्वतः भरा आणि मगच छापलेला तक्ता उघडा. सर्वनाम एकटं कधीही पाठ करू नका. ते नेहमी क्रियापदासकट म्हणा. आणि ज्यांच्या गावात जर्मन शिकवणारं कुणी नाही, त्यांनी निदान एक जोडीदार शोधावा, कारण 'डू'चा सराव एकट्याने होत नाही.